मुळशीचा पाणलोट : बंधाऱ्यांच्या यादीपलीकडे

सह्याद्रीच्या माथ्यावरील ताम्हिणी आणि पुण्याच्या वेशीवरील हिंजवडी ही दोन्ही गावे एकाच मुळशी तालुक्यात मोडतात. दोहोंमधील अंतर जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरचे. मात्र पावसाच्या दृष्टीने ही दोन निराळी जगे आहेत. ताम्हिणीच्या परिसरात हंगामात कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेकडे सरकताना तो झपाट्याने ओसरतो आणि पुणे शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हणजे पुण्याला वर्षभरात जेवढा पाऊस मिळतो, त्याच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक पाऊस एका दिवसात पडला. त्याच सकाळी खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेकने पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील घरांत पाणी शिरले.

एवढा पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यात एप्रिल उजाडला की डोंगरावरील वाड्या-वस्त्यांतील बायका हंडे घेऊन झऱ्यांच्या वाटा तुडवू लागतात. पावसाळ्यात पुराची धास्ती आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वणवण, हा विरोधाभास मुळशीला नवा नाही. त्यावर सांगितला जाणारा उपायही ठरलेला आहे : पाणी अडवा, पाणी जिरवा. चर खोदा, बंधारे बांधा, झाडे लावा. मात्र मुळशीत पाऊस कमी पडत नाही. पडलेला पाऊस जमिनीवर आणि जमिनीत किती काळ रेंगाळतो, हा येथील खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बंधाऱ्यांच्या संख्येत जितके आहे, त्याहून अधिक ते जंगल, गवताळ पठारे, भातखाचरे, ओढ्यांचे काठ आणि वस्त्या यांच्या परस्परांतील मांडणीत आहे. ही मांडणी वाचण्याचे एक शास्त्र आहे. पाणलोटाच्या नियोजनात त्याला अद्याप म्हणावे तसे स्थान मिळालेले नाही.

दुष्काळी भागाचा साचा

महाराष्ट्रात पाणलोट विकासाची कल्पना रुजली ती अवर्षणप्रवण प्रदेशात. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या नगर जिल्ह्यातील गावांनी साऱ्या देशापुढे आदर्श ठेवला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उपचार करायचे, समपातळी चर खोदायचे, नाल्यांवर माती व सिमेंटचे बांध घालायचे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी करायची, हा क्रम तेथील जमिनीला व तेथील पावसाला साजेसा होता. चार-पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात प्रत्येक थेंब जागच्या जागी थोपविणे शहाणपणाचेच असते.

पुढे हाच क्रम सरकारी योजनांचा साचा बनला. २००८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी एक ते पाच हजार हेक्टरांच्या पाणलोट समूहांचा आग्रह धरला. राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या जलयुक्त शिवार अभियानाने मात्र गाव हाच घटक धरला. या अभियानावर साडेनऊ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०२० मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या अहवालात ठेवला. त्यावर राजकीय वादही पुष्कळ झाला. त्या वादात एक साधा मुद्दा मागे पडला : ओढा गावाची शीव ओळखत नाही आणि नगरचा उपाय ताम्हिणीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

तीव्र उतार, पातळ माती आणि प्रचंड पाऊस असलेल्या डोंगरावर समपातळी चर खोदून पाणी थोपविले, तर माती भिजून जड होते आणि ती घसरण्याचा धोका वाढतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे दगावली. अतिवृष्टीच्या काळात पाण्याने भिजलेला उतार किती वेगाने खाली येऊ शकतो, याची जाणीव त्या दुर्घटनेने सर्वांना करून दिली. घाटमाथ्याच्या पट्ट्यात उताराला हात लावताना, मग तो हात विकासाचा असो वा संवर्धनाचा, दहादा विचार करावा लागतो.

मांडणी वाचणारे शास्त्र

जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल याने १९३९ मध्ये भूदृश्य परिसरविज्ञान ही संज्ञा वापरली. विमानातून घेतलेली छायाचित्रे अभ्यासताना त्याच्या ध्यानात आले, की जंगल, शेत, नदी, गाव यांचा स्वतंत्र अभ्यास पुरेसा नाही. ते एकमेकांच्या शेजारी कसे वसले आहेत, यावर त्या प्रदेशाचे बरेचसे आरोग्य ठरते. पुढे रिचर्ड फोरमन आणि मिशेल गोद्राँ यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात या विचाराला सुटसुटीत चौकट दिली. कोणत्याही प्रदेशाकडे पाहताना तीन गोष्टी शोधाव्यात : सभोवतालापेक्षा वेगळे दिसणारे तुकडे, त्यांना जोडणारे पट्टे आणि हे सारे ज्यावर पसरले आहे तो मूळ पट.

मुळशीच्या भाषेत सांगायचे, तर देवराई हा एक तुकडा. ओढ्याच्या दोन्ही काठांची झाडी हा पट्टा. आणि भातखाचरे, गवताचे माळ व झुडपी रान यांचा मिळून पट. देवराई लहान असली तरी तिच्या सावलीतली माती सच्छिद्र असते, पाचोळ्याच्या थरातून पाणी सावकाश मुरते आणि अनेक देवरायांच्या कुशीत झरा किंवा कुंड आढळते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रीय जगापुढे मांडले. काठची झाडी गाळ अडविते व पुराचा वेग मोडते. आंबेमोहोरासारखा भात पिकविणारी खाचरे पावसाळाभर पाणी धरून ठेवतात. या तिन्हींची साखळी अखंड राहिली, तर डोंगरावरचे पाणी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरते. ती तुटली, की धावत सुटते.

कोठले पाच हेक्टर?

नेहमीच्या पाणलोट आराखड्यात जमिनीचा हिशेब क्षेत्रफळात होतो. अमुक हेक्टरांवर चर, तमुक हेक्टरांवर वृक्षारोपण, इतके बंधारे, इतके शेततळे. या हिशेबात पाच हेक्टर म्हणजे पाच हेक्टर. भूदृश्य परिसरविज्ञान विचारते : कोठले पाच हेक्टर?

डोंगराच्या माथ्यालगत, जेथे पाणी खडकात शिरून खालच्या झऱ्याला पोसते, तेथील पाच हेक्टर सपाट करून बंगल्यांचे प्लॉट पाडले तर खालच्या वाडीचा झरा फेब्रुवारीतच आटू शकतो. पायथ्याशी आधीच उजाड झालेल्या मुरमाड जमिनीवर तेवढेच बांधकाम झाले, तर नुकसान त्या मानाने थोडे. ओढ्याकाठचा पाच हेक्टरांचा अरुंद पट्टा तोडला तर एका टोकाच्या जंगलाचा दुसऱ्या टोकाशी संबंध तुटतो आणि साऱ्या उताराचा गाळ थेट पाण्यात येतो. कागदावर तिन्ही नोंदी सारख्याच दिसतात. परिणाम मात्र पूर्णपणे भिन्न.

वृक्षारोपणाचेही तेच. गवताळ पठार हे ओसाड रान समजून त्यावर सरसकट गिरिपुष्प किंवा निलगिरी लावणे म्हणजे पाणलोट सुधारणे नव्हे. तेथील पातळ मातीला गवताची मुळेच धरून ठेवतात. झाडेही पाणी पितात, हे विसरून चालत नाही. कोठे झाड हवे, कोठे गवत हवे आणि कोठे काहीही न करता जमीन केवळ राखायला हवी, हे ठरविणे म्हणजे नियोजन.

जंगल असले की पूर येत नाही, हा समजही तपासून घ्यायला हवा. एका दिवसात पाचशे मिलिमीटर पाऊस झाला, की भिजून चिंब झालेली माती कोणाचेच ऐकत नाही. तेथे जंगलाचा उपयोग मर्यादित होतो. त्याचा खरा लाभ दिसतो तो मध्यम पावसात, धरणात जाणाऱ्या गाळात आणि मार्च-एप्रिलमधील ओढ्यांच्या वाहत्या पाण्यात.

कोळवण खोऱ्याचा अनुभव

हा विचार मुळशीत अगदीच परका नाही. वाळकी नदीच्या कोळवण खोऱ्यात पुण्याच्या ‘गोमुख’ संस्थेने पाणलोट विकासाचे काम हाती घेतले, तेव्हा एखादे गाव न धरता संपूर्ण खोरे विचारात घेण्याचा प्रयत्न झाला. भूजलावर काम करणाऱ्या ‘अ‍ॅक्वाडॅम’ या पुण्याच्याच संस्थेने २००० नंतरच्या दशकात ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या सहकार्याने याच खोऱ्यात बंधाऱ्यांमुळे होणाऱ्या भूजल पुनर्भरणाचा अभ्यास केला.

असा अभ्यास का लागतो, हे दख्खनच्या खडकाकडे पाहिले की कळते. येथील बेसाल्ट थरांनी रचलेला आहे. काही थर सच्छिद्र व भेगाळलेले, तर काही घट्ट काळ्या पाषाणाचे. सच्छिद्र थरात पाणी शिरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि आडवे सरकत डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडते. या थरांची साठवण मुळातच थोडी असते. भरपूर पावसाच्या प्रदेशात खडक पावसाळ्यातच काठोकाठ भरतो. त्यानंतर बंधाऱ्यात अडविलेले पाणी जिरायला जागाच उरत नाही. उलट खडकातले पाणी ओढ्यात उतरत असते. त्यामुळे बंधारा कोठे व कोणत्या थरावर आहे, यावर त्याची उपयुक्तता ठरते. चुकीच्या जागी बांधलेला बंधारा दहा वर्षे उभा राहिला तरी शेजारच्या विहिरीला त्याचा पत्ता लागत नाही.

रामनदीचा धडा

पाणलोटाची मांडणी बिघडली की काय होते, हे पाहण्यासाठी घाटमाथ्यावर जाण्याचीही गरज नाही. भूकुमजवळील खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावणारी रामनदी भूकुम, भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर असा प्रवास करीत औंधच्या बाजूला मुळेला मिळते. लांबी जेमतेम वीस किलोमीटरची. वाटेत खाटपेवाडीचा तलाव, भूगावचा मानस तलाव आणि पाषाणचा तलाव. पाणी टप्प्याटप्प्याने थांबविण्याची केवढी चांगली रचना निसर्गाने आणि माणसाने मिळून केली होती! पण चांदणी चौकाच्या दोन्ही अंगांना वस्ती वाढत गेली, ओढे अरुंद झाले, काही नळांत बंदिस्त झाले, डोंगर पोखरले गेले आणि मुरणाऱ्या जमिनीची जागा सिमेंटने घेतली.

४ ऑक्टोबर २०१० च्या संध्याकाळी पाषाण परिसरात सुमारे दीड तासात १८० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. लहानशा रामनदीला आणि शहरातील ओढ्यांना आलेल्या पुराने काहींचे प्राण घेतले आणि शेकडो वाहने वाहून नेली. पाऊस असाधारण होता, यात शंका नाही. पण तो सामावून घेणारी जमीन आधीच आक्रसलेली होती. ही नदी उगमाकडे ग्रामपंचायतींच्या व पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत, तर खाली पुणे महापालिकेच्या हद्दीत वाहते. २०२१ मध्ये बावधन बुद्रुक, सूस व म्हाळुंगे ही गावे महापालिकेत आली आणि हद्दीची रेषा थोडी वर सरकली. उगम मात्र हद्दीबाहेरच राहिला. वर परवानगी देणारा एक, खाली पूर निस्तरणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे.

रेषा कायद्याच्या, वाट पाण्याची

प्रशासनाच्या रेषा पाण्याशी जुळत नाहीत, याची आणखीही उदाहरणे मुळशीत आहेत. वरसगाव धरणाच्या जलाशयाभोवती, मोसे खोऱ्यात उभ्या राहिलेल्या लवासा प्रकल्पाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २०१० रोजी काम थांबविण्याची नोटीस दिली आणि ९ नोव्हेंबर २०११ रोजी सशर्त मंजुरी दिली. मधल्या काळातील वादाचा मोठा भाग प्रकल्पाची जमीन समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरच्या वर आहे की खाली, याभोवती फिरला. कारण गिरिस्थानांसाठी परवानगीचा निकष तो होता. उंचीची ही रेषा कायद्याला महत्त्वाची असेल. धरणात येणाऱ्या गाळाला ती नाही.

पश्चिम घाटाच्या संवर्धनाचेही असेच झाले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकोनांवर आधारित मांडणी केली, के. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ मध्ये गाव हा घटक धरला. २०१४ पासून अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे निघाले. सहावा ३१ जुलै २०२४ रोजी आला. चौकोन असो वा गाव, दोन्हींतून खोऱ्याचा सलग विचार सुटतो. एका गावात निर्बंध आणि त्याच ओढ्यावरील वरच्या गावात मोकळीक, अशी स्थिती निर्माण होऊ शकते. बांधकाम नियमांतही एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकामास मनाई आहे. नियम योग्यच आहे; पण तो उतार मोजतो, त्या उताराखाली कोणाचा झरा आहे, हे विचारत नाही.

शेतकऱ्याने का सोसावे?

यापुढचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. माथ्यावरची जमीन राखायची, तर ती राखणार कोण आणि कशाच्या बळावर? ही जमीन बहुतांशी खासगी आहे. एक पीक भात आणि थोडी नाचणी-वरई यांवर घर चालत नाही म्हणून मुळशीतील कुटुंबांनी जमिनी विकल्या. त्यांना ‘तुमची जमीन पाणलोटासाठी महत्त्वाची आहे, तेव्हा विकू नका’ असे शहराने सांगणे सोपे आहे. पण त्या पाण्याचा लाभ शहर घेणार आणि तोटा शेतकऱ्याने सोसायचा, हा न्याय कोणता?

मुळशीला हा प्रश्न विचारण्याचा ऐतिहासिक अधिकार आहे. मुळा व निळा नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीच्या धरणासाठी जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला. धरण झालेच. भीमा खोऱ्यातील ते पाणी आजही डोंगर ओलांडून कोकणातील भिरा येथे वीजनिर्मितीसाठी जाते. शंभर वर्षांनंतर पाणलोट संवर्धनाच्या नावाने पुन्हा एकदा इतरांच्या सोयीसाठी मुळशीकरांवर निर्बंध लादले गेले, तर शास्त्र कितीही अचूक असले तरी तो आराखडा लोक मोडून काढतील. आणि त्यात त्यांचे काही चुकणारही नाही.

मार्ग आहे, आणि तो इतरांनी चालून दाखविला आहे. न्यू यॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगराळ भागातील गावांशी करार केला. महागडा गाळणी प्रकल्प उभारण्याऐवजी वरच्या शेतकऱ्यांना जमीन नीट राखण्यासाठी पैसा देणे पत्करले. हिमाचल प्रदेशातील पालमपूर नगरपरिषदेने २०१० मध्ये बोहल झऱ्याचे पाणलोट क्षेत्र राखणाऱ्या ग्रामसमितीला दरवर्षी रक्कम देण्याचा करार केला. पालमपूर लहान आहे, पुणे मोठे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या सुमारे २९ टीएमसी पाण्यावर हे शहर जगते. त्यातील टेमघर मुळशीच्या मुठा खोऱ्यातच आहे. पाणीपट्टीतील छोटासा वाटा वरच्या खोऱ्यांतील झरे, देवराया आणि काठची झाडी राखणाऱ्या ग्रामसभांना देणे या शहराला अशक्य नाही.

संधी हातची जाऊ नये

महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप विकास आराखडा पुढे रद्द झाला. त्यामुळे नियोजनाची पाटी पुन्हा कोरी करण्याची संधी चालून आली आहे. कोळवण, मुठा, मोसे, रिहे ही खोरी आणि रामनदी यांचे नकाशे प्रथम तयार व्हावेत. त्यांवर उतार, खडकाचे थर, झरे व त्यांची पुनर्भरण क्षेत्रे, जंगलाचे तुकडे, ओढ्यांचे काठ आणि खाचरे एकत्र दाखविली जावीत. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राज्याची भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा यांच्याकडे त्यासाठी लागणारे तंत्र आहे. झऱ्यांच्या जागा गावातील जुनी माणसे सांगतील. जी ठिकाणे गेली तर दुसरी मिळणार नाहीत, ती आधी निश्चित करावीत. बंधारे व बांधकाम यांच्या जागा त्यानंतर ठरवाव्यात. आज हा क्रम नेमका उलटा आहे.

कामाचे मोजमापही बदलावे लागेल. किती चर खोदले यापेक्षा फेब्रुवारीत ओढा वाहतो का, मे महिन्यात झऱ्यावर हंडा भरायला किती वेळ लागतो, पहिल्या पावसाचे पाणी किती गढूळ येते, या नोंदी गावागावांत ठेवल्या गेल्या तर आराखड्याचे यशापयश कोणालाही तपासता येईल. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. लागते ती शाळेतील पोरांनीही भरावी अशी एक वही.

घाटमाथ्यावर पडणारा पाऊस कमी-जास्त करणे कोणाच्याच हाती नाही. तो ज्या जमिनीवर पडतो तिची मांडणी मात्र दररोज, एकेका खरेदीखताने आणि एकेका परवानगीने बदलते आहे. हिंजवडीच्या रस्त्यांवर तुंबणारे पाणी आणि डोंगरवाडीचा आटणारा झरा या दोन्ही तक्रारी आज दोन वेगळ्या कचेऱ्यांत दाखल होतात. त्या एकाच नकाशावर मांडल्या जात नाहीत, तोवर बंधाऱ्यांची यादी लांबत राहील आणि हंड्यांची रांगही.